नाल्यातली कण्हेर

मोठ्याईनं उभ्या आयुष्यात एकच झाड न पाहता ओळखलं, आणि नेमकं त्याच झाडावर जेसीबी येणार होता.

मोठ्याई म्हणजे सत्यभामाबाई, माझ्या चुलत सासूबाई. नात्यानं मोठ्याई फक्त आम्हा सुनांच्या, पण अख्खं गाव त्यांना तसंच म्हणतं, अगदी त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. जळगाव जामोदहून सातपुड्याच्या अंगानं निघालं की डोंगर जवळ येत जातो आणि रस्ता बारीक होत जातो, तिथं आमचं गाव. गावाला लागून नाला. डोंगरातून येतो म्हणून माघ-फाल्गुनातही त्याच्या खडकांमधून थोडं पाणी वाहत असतं. आणि त्या खडकांतच, अर्धी मुळं पाण्यात अन् अर्धी दगडात, पुरुषभर उंचीच्या झुडपांची दाट रांग. बारा महिने हिरवी. पूर आला की पार आडवी होते, पूर ओसरला की अंग झटकून उभी. तिला आमच्या गावात 'नाल्यातली कण्हेर' म्हणतात. म्हणजे म्हणत होते.

मोठ्याईचं माहेर धामणगाव बढे. वडलांचं किराण्याचं दुकान होतं, त्यातच हिरडा-बेहडा, सागरगोटे, मुरडशेंग असला मालही असायचा. विकायला येणारे लोक कशाच्या नावाखाली काय आणतील त्याचा नेम नसे, म्हणून त्यांचे वडील प्रत्येक जिन्नस मोडून, चुरडून, हुंगून घेत. ती सवय लेकीत उतरली. शिक्षण सातवीपर्यंत, पण पान हातात आलं की ते उलटं करून त्याची पाठ पाहणार, देठ मोडणार, बोटांत चुरगाळून वास घेणार आणि मगच नाव सांगणार.

याची खरी मजा पाहावी ती हरतालिकेच्या आदल्या दिवशी. गावातल्या सगळ्या पोरी सोळा पत्री गोळा करून मोठ्याईच्या ओट्यावर तपासायला आणतात. मोठ्याई भिंतीला टेकून बसतात, एकेक पान उचलतात, आणि नापास पानं मागच्या मागे अंगणात उडत जातात.

"हा बकूळ? हे त जांभळाचं पान हाय! महादेवाले फसवता काय व पोट्ट्यांनो?"

"मोठ्याई, बकूळ भेटतच नाई कुठी!"

"भेटत नसन त पंधरा वाहा. पन खोट्या नावाचं एकबी वाहू नोको."

फक्त एक पान या परीक्षेतून सुटायचं. कण्हेरीचं. मोठ्याई नवरी होऊन आल्या त्या वर्षी त्यांच्या सासूनं नाल्याकडं बोट दाखवून सांगितलं होतं, "आपल्या गावची कन्हेर नाल्यात राह्यते." नव्या नवरीनं सासूचं बोलणं उलटून, मोडून कसं पाहावं? पान होतंही तसंच लांबट, निमुळतं. ते पुढं पोरींच्या पोरींपर्यंत चालत आलं. नंतर मोठ्याईनं माहेरून खऱ्या कण्हेरीची काडी आणून दारात लावली, तिला गुलाबी फुलांचे घोस यायला लागले, तरी कुणाला काही वाटलं नाही. एक बागेतली कण्हेर, एक नाल्यातली. संपलं.

या वर्षी संक्रांत झाल्यावर काही दिवसांनी सहदेवच्या कळपातल्या तीन बकऱ्या मेल्या. सहदेव आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, बकऱ्यांवरच त्याचं घर चालतं. नाल्याच्या काठी चरून आलेल्या, तोंडाला फेस, पाय ताठ. गुरांच्या डॉक्टरांनी तोंडातला चोथा पाहून सांगितलं की कण्हेरीसारखं काही तरी विषारी पोटात गेलंय. सहदेव तसाच नाल्यात उतरला, एक फांदी तोडली आणि मोठ्याईच्या दारात येऊन उभा राहिला.

"मोठ्याई, हे कन्हेरच हाय ना?"

मोठ्याई सुपात तूर पाखडत होत्या. सहदेवच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्यांचा हात थांबला, पण फांदी काही त्यांनी हातात घेतली नाही. "हो रे बाप्पा. नाल्यातली कन्हेर. पोराबाळासारख्या होत्या रे तुह्या बकऱ्या."

झालं. मोठ्याईनं सांगितलं म्हणजे सरकारी शिक्का. महादेवराव आमचे माजी सरपंच. नाला खोल करायला मशीन येणारच होतं, त्यांनी चावडीवर जाहीर करून टाकलं की पहिल्यांदा ती विषारी झुडपं मुळासकट उपटायची, मग खोदकाम. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाचा विरोध असणार?

मशीन यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मोठ्याईकडं विरजण मागायला गेले, तर त्या ओट्यावर नुसत्याच बसलेल्या. समोर चहा थंड.

"अर्पिता, बस इतं. मले एक सांग. ते झुडपं नाल्यात कवाचे हाय?"

"मी लग्न होऊन आले तेव्हाही होती की."

"माह्या सासूच्याबी आधीचे हाय. अन् सहदेवचा आजाबी तिथीच बकऱ्या चारे. मंग बकऱ्या आत्ताच काऊन मेल्या?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, आणि तो टाकताना त्यांचा आवाजच बदलला. "अन् त्या झाडावर गुलाबी फूल पाह्यलं काय व तू? कधी तरी? एक तरी?"

मी आठवायला लागले. पूर आठवला, धुणं आठवलं, गौरी पाण्यात शिरवायला गेलो ते आठवलं. फूल काही आठवेना.

"नाई ना? मीबी नाई पाह्यलं!" मोठ्याई उठल्यासुद्धा. "चाल. तुहा मोबाईल घे. अन् यांचं पंचांग वाचायचं भिंग घे."

आतून मोठे बाबा, म्हणजे मोठ्याईचे यजमान शालिग्रामजी, ओरडले, "भिंग कायले लागते? म्हातारपनी नाल्यात सोनं सापडलं काय?"

"सापडलं त तुमाले नाई सांगत!" म्हणत मोठ्याई वहाणा घालून निघाल्याही. मी मागून अक्षरशः धावत होते.

नाल्यात पोचलो तेव्हा ऊन बरोबर खडकांवर होतं. मोठ्याईनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि सरळ पाण्यात पाय टाकला. गार पाणी घोट्यापर्यंत आलं तशा "मायबाई!" म्हणून हसल्या. त्यांनी घरून निघताना दारातल्या कण्हेरीची एक डहाळी तोडून आणली होती. ती त्यांनी माझ्या हातात दिली, नाल्यातल्या झुडपाची एक फांदी खाली वाकवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचं पान उलटं केलं.

"अर्पिता!"

"काय झालं?"

"पाठ पाह्य! पाठ पाह्य याची!"

पानाची वरची बाजू गर्द हिरवी, पण पाठ फिकी, चांदीची धूळ उडाल्यासारखी. भिंग लावलं तर बारीक बारीक खवल्यांचे ठिपके दिसले. दारच्या कण्हेरीचं पान फिरवून पाहिलं. त्याची पाठही हिरवीच, कातड्यासारखी गुळगुळीत.

आता मोठ्याईला थांबवणं शक्य नव्हतं. दारच्या कण्हेरीचा देठ मोडला, चिकट चीक बोटाला लागला. त्यांनी तो लगेच पाण्यात धुतला. नाल्यातल्या पानाचा देठ मोडला. चीक नाही. मग डहाळ्या शेजारी धरल्या.

"हे पाह्य. कन्हेरीले एका ठिकानी तीन तीन पानं, जशी काही फुगडीच घालून राह्यली. अन् हे? एक इकडं, एक वर तिकडं. जिन्याच्या पायऱ्या! अवं, हे कन्हेर नाई! हे कन्हेर नाईच!"

खडकावर दोन ढोक बसले होते ते त्यांच्या आवाजानं उडून गेले.

"मग हे आहे काय?" मी म्हटलं.

मोबाईलमध्ये झाडं ओळखायचं एक अॅप होतं. पहिल्या फोटोला त्यानं कण्हेर सांगितलं. दुसऱ्याला विलो नावाचं कुठलं तरी झाड. तिसरा फोटो जरा तिरपा आला, तर बांबू.

"हे कोनाचं पोट्टं हाय?" मोठ्याई म्हणाल्या. "याले माह्या ओट्यावर आनून बसव."

शेवटी मी समीक्षाला फोन लावला. ती माझी लेक, अमरावतीला वनस्पतिशास्त्र शिकते. दोन्ही पानांचे फोटो पाठवले. तिचा लगेच उलटा फोन. "आई, पानावरून अंदाज आलाय, पण फूल पाहिजे. फूल असेलच आत्ता. मोठं शोधू नकोस. पानाच्या बगलेत बघ, बारीक तुरे असतील."

आम्ही मोठं फूल शोधत होतो, हीच चूक होती. मोठ्याईनं फांदी अगदी नाकाजवळ ओढली. "हाय! हाय व माय! हे काय!"

पानाच्या बगलेतून बोटभर लांबीचा तुरा निघाला होता, त्यावर लालसर, मोहरीएवढ्या कळ्यांची दाटी. काही उमललेल्या, त्यातून केसरांचे फिक्कट झुबके बाहेर आलेले. मोठ्याईनं टिचकी मारली तशी पिवळी धूळ उडाली आणि त्यांच्या मनगटावर बसली. वर्षानुवर्षं या झाडाशेजारी धुणं धुतलं, आणि ते दर वर्षी असं गुपचूप फुलत होतं!

फोटो गेला. समीक्षा आता माझ्याहून जोरात ओरडत होती. "हा नर आहे! या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी असते. मादी शोधा, म्हणजे पक्कंच! तिच्या तुऱ्यावर केसर नसतात, तांबडे रेशमी धागे असतात."

मग आम्ही दोघी त्या रांगेत शिरलो. एकेक झुडूप. "हा गडी." "हाबी गडी." "हाबी गडीच, बाई कुठी गेल्या साऱ्या?" माझा पाय शेवाळावरून सरकला, साडी गुडघ्यापर्यंत ओली झाली, पण परत फिरायचं दोघींच्याही मनात आलं नाही. नाल्याच्या वळणावर, जिथं पाणी खडकाच्या फटीतून जोरात निघतं, तिथं मोठ्याई एकदम थांबल्या. त्यांनी मला हातानंच बोलावलं. तुऱ्यावर बारीक हिरवे गोळे, आणि प्रत्येकावर तांबडे धागे, जणू कुणी पैठणीच्या पदराच्या दशा काढून चिकटवल्यात.

"ही बाई," मोठ्याई हळूच म्हणाल्या.

समीक्षानं नाव सांगितलं. शेरणी. संस्कृतात जलवेतस. वाहत्या पाण्याच्या खडकात वाढणारं झुडूप, मुळांनी काठ धरून ठेवणारं. "आई, ते उपटलं ना, तर पहिल्या पुरात काठ जाईल," ती म्हणाली. मोठ्याई त्या मुळांकडं वाकून पाहतच होत्या. दगडांना मिठी मारून बसलेली, दोरखंडासारखी मुळं. वरच्या अंगाला गावाची पांदण, म्हणजे वावरांकडं जाणारी गाडीवाट, आणि तिच्या पलीकडं सहदेवचंच घर.

"चाल चाल, आत्ता महादेवरावाले सांगू!" मोठ्याई चढण चढायला लागल्या ते जवळजवळ पळतच. मी मागून. आणि चढणीच्या मध्यावर, गाव जिथं पालापाचोळा टाकतं तिथं, त्या थांबल्या.

पाचोळ्यावर वाळलेल्या फांद्यांचा ढीग होता. पानं तीन तीन. एका टोकाला सुकलेला गुलाबी घोस. भोवती बकऱ्यांच्या लेंड्या, आणि बऱ्याच डहाळ्यांची पानं ओरबाडून खाल्लेली.

गावात कण्हेर एकाच दारात होती. संक्रांतीनंतर तुरीची ट्रॉली फाटकातून आत येईना म्हणून मोठ्या बाबांनी ती छाटली होती.

मोठ्याईनं एक फांदी उचलली, पान उलटं करून पाहिलं. गरज नव्हती, तरी पाहिलं. मग म्हणाल्या, "वल्ली असती त बकऱ्यांनी तोंडबी लावलं नसतं. सुकली म्हनून खाल्ली."

मी हळूच म्हटलं, "मोठ्याई, चावडीवर एवढंच सांगू ना की नाल्यातलं झाड कण्हेर नाही. तेवढ्यानं मशीन थांबेल."

"अन् सहदेवनं इचारलं, मंग बकऱ्या कशानं मेल्या, त? त्याले काय सांगू, माहीत नाई म्हनून?" हातातली फांदी त्यांनी परत ढिगावर टाकली.

ढीग उचलायला आमच्यापाशी ना पाटी ना पोतं, आणि सूर्य कलला होता. सकाळी गड्याला घेऊन येऊ असं ठरवून आम्ही परतलो. महादेवराव जळगाव जामोदला गेलेले, म्हणून त्यांनाही सकाळीच गाठायचं ठरलं. घरी मोठ्या बाबांना सगळं सांगितलं. शेरणी हे नाव ऐकून त्यांनी आधी चेष्टा केली, "मंग तुह्याच खानदानातली हाय!" पण ढिगाचं ऐकलं आणि पानाचा डबा हातातच राहिला त्यांच्या.

सकाळी मशीन ठरल्या वेळेच्या आधीच येऊन ठेपलं. आम्ही पोचलो तर काठावर ही गर्दी. महादेवराव ऑपरेटरला हातवारे करून दाखवत होते, बकेट वर उचललेली. मोठ्याई खाली उतरल्या आणि बकेटीच्या आणि झुडपांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हातांत दोन डहाळ्या.

"बंद कर ते धूड!"

"वहिनी, बाजूले व्हा, लागन!" महादेवराव ओरडले.

"लागू द्या. हे कन्हेर नाई, महादेवराव."

"अवो, तुमीच त सांगतलं होतं कन्हेर हाय म्हनून!"

"हो, मीच सांगतलं. न पाहता सांगतलं. चुकलं माह्यं. आता पाहून सांगून राह्यली. या इकडं, तुमीबी पाहा."

मशीन बंद झालं. मोठ्याईनं डहाळ्या लोकांच्या हातात दिल्या. पाठ फिरवा, देठ मोडा, पानं मोजा. माणसं खरंच मोजायला लागली. ऑपरेटरही केबिनमधून उतरून आला आणि भिंगातून तुरा पाहून म्हणाला, "अबे, यात त फुलंच फुलं हाय!" मी समीक्षाचा मेसेज वाचून दाखवला, काठ धसण्याचा. पांदणीला लागून वावर असलेले दोघे-तिघे लगेच आमच्या बाजूला सरकले.

महादेवरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग ठीक हाय. वळनाच्या खालून खोदू. पन वहिनी..."

तो प्रश्न सहदेवनंच पुरा केला. गर्दीतून पुढं येऊन. "मंग माह्या बकऱ्या कशानं मेल्या, मोठ्याई?"

"माह्या दारच्या कन्हेरीनं. छाटून वरच्या चढनीवर टाकली होती. कालच पाह्यली मी."

"छाटली मी. टाकलीबी मी," मागून मोठ्या बाबांचा आवाज आला. इतका लहान आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

सहदेवचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "कालच पाह्यली? अन्..." तो एकदम वळला. "अन् अजून तिथीच हाय?"

"हो, आता पोतं घेऊन..."

"अरे बाप्पा! माही बायको बकऱ्या घेऊन निंघाली! त्याच वाटेनं येते ते!"

मग जे झालं त्याला पळापळ हा शब्द कमी पडेल. सहदेव पुढं, मोठ्याई मागं, मोठे बाबा धोतर सावरत, महादेवराव, ऑपरेटर, सगळे चढणीवर. वरून घंटांची किणकिण ऐकू यायला लागली होती. सहदेव "रोक! रोक त्याइले!" म्हणून बोंबलतोय, वरून बायको विचारतेय, "काय झालं? कोन मेलं?" आणि मोठ्याई दोन्ही हात पसरून कळपासमोर उभ्या, "हुर्र! हुर्र! चालत्या व्हा!" एक पिल्लू त्यांच्या पायांमधून निसटलंच. ढिगाशी पोचलं, तोंड खाली घातलं, तोच ऑपरेटरनं त्याला कानाला धरून उचललं.

सहदेवनं पिल्लाचं तोंड बोटानं उघडून पाहिलं. रिकामं होतं.

ढीग पाट्यांत भरला. ऑपरेटरनं मशीन वर आणून पडीक जागेत खोल खड्डा खणला, फांद्या त्यात गेल्या, वर माती. मोठ्याई काठीनं पाचोळा उकरून एकेक सुकं पान वेचत राहिल्या आणि मधूनमधून सगळ्यांवर ओरडत होत्या, "हात धुवा रे! हात धुतल्याबिगर कोनी तंबाखू तोंडात टाकू नोको!"

सगळं आटोपल्यावर त्या सहदेवजवळ गेल्या. तो पिल्लाला मांडीवर घेऊन दगडावर बसला होता.

"सहदेव, तुहा राग बरोबर हाय."

"हायच मले राग." त्यानं वर पाहिलं नाही. "कालच हाक माराले काय झालं होतं? माहं घर काय दूर हाय?"

"नाई रे बाप्पा. कालच येयाले पाह्यजे होतं."

मोठे बाबा जरा लांब उभे होते. ते म्हणाले, "दारचं झाड आज उपटतो."

"उपटून कायले?" सहदेव फणकारला. "फूल राहू द्या देवाले. पन छाटसान तवा मले सांगून छाटा. फेकाले मी येतो, मले माहीत हाय कुठी फेकाचं ते." मग म्हणाला, "अन् ह्या काठावर अजून काय काय विषारी हाय, ते कोन सांगन?"

"मले नाई सांगता येत," मोठ्याई म्हणाल्या. "पाहा लागन. एकेक पाहा लागन."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला मी मोठ्याईकडंच होते. गल्लीतून घंटा वाजल्या आणि हाक आली, "मोठ्याई! येता काय?" आवाजात अजून रुसवा होता. मोठ्याईनं चहा बशीत ओतून एका घोटात संपवला, भिंग कमरेला खोचलं आणि बाहेर पडता पडता मला म्हणाल्या, "तू काऊन बसली व? मोबाईल घे, चाल!"